स्वस्त करमणूक, महाग उमेदवारी

आजच्या तरुणांविषयी वडीलधाऱ्या मंडळींत बोलणे निघाले की दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. पहिली, ही मुले अष्टौप्रहर मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेली असतात. आणि दुसरी, त्यांना समाजाचे काही सोयरसुतक उरलेले नाही. पहिल्या तक्रारीतून दुसरी आपोआप निष्पन्न होते, असेही गृहीत धरले जाते. ज्याची करमणूक उथळ त्याची मतेही उथळ, असा हा सोपा सिद्धांत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ मग जुने दाखले दिले जातात. १९६७ साली युवक क्रांती दल उभारणारे तरुण, १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना करणारे तरुण, १९७८ नंतर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी तुरुंगात गेलेले तरुण यांचे स्मरण केले जाते आणि आजच्या मुलांना त्यांच्या पंक्तीस बसवून नापास केले जाते. या दाखल्यांत असत्य काही नाही. मात्र त्या काळीही महाविद्यालयात नाव घातलेल्यांपैकी थोडेच मोर्चात होते आणि बरेचसे मॅटिनीच्या तिकीट-खिडकीपुढे उभे होते, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

तरुण माणूस दिवस कसा घालवतो, कशात रमतो आणि कोणत्या मतासाठी भांडायला उठतो, या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासून चालत नाहीत. तिन्ही एकाच हिशेबातून निघतात आणि तो हिशेब वेळेचा आहे. समाजाने तरुणाच्या वेळेची काय किंमत ठरवली आहे, हे पाहिल्याखेरीज त्याच्या हातातील मोबाइलविषयी निवाडा देणे अन्यायाचे होईल. हे पाहण्यास महाराष्ट्रात एक जागा फार सोयीची आहे. ती म्हणजे पुण्यातील सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या भागांत गल्लोगल्ली उघडलेल्या अभ्यासिका.

पेठेतला दिवस

मराठवाड्यातील वा विदर्भातील एखाद्या खेड्यातून पदवी घेऊन आलेला, चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी राज्यसेवेची किंवा फौजदाराच्या जागेची तयारी करणारा तरुण डोळ्यांपुढे आणावा. तो 'कॉट बेसिस'वर राहतो. म्हणजे खोलीचे नव्हे, खाटेचे भाडे देतो. एका खोलीत चार-पाच खाटा, भिंतीवर खिळे, खिळ्यांना पिशव्या. सकाळी सातच्या आत अभ्यासिकेत आपल्या क्रमांकाच्या खुर्चीवर जाऊन बसावयाचे. लक्ष्मीकांतांची राज्यव्यवस्था, पाचवी ते बारावीची पाठ्यपुस्तके, 'लोकराज्य'चे अंक, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स, असा त्याचा पसारा. दुपारी खाणावळ. संध्याकाळी टपरीवरचा चहा आणि त्याभोवती अर्धा तास चर्चा, जिचा विषय बहुधा एकच असतो: जाहिरात केव्हा निघणार. रात्री दहा-अकरापर्यंत पुन्हा खुर्ची. रविवारी चाचणी परीक्षा. असे दिवस एका वर्षाचे नसतात. चार, पाच, कधी सात वर्षांचे असतात.

या दिवसाचा खर्च मांडून पाहण्यासारखा आहे. खाट, खाणावळ, अभ्यासिका, पुस्तके, चाचणी-मालिका हे सारे धरून काटकसरीने राहणाऱ्यालाही महिन्याला नऊ हजार रुपये लागतात असे मानू. खाणे गावी राहूनही लागलेच असते, म्हणून त्यातील तीन हजार वजा करावेत. पाच वर्षांचे राहिले ३ लाख ६० हजार. पण खरा खर्च याहून मोठा आहे, आणि तो कोणाच्या वहीत लिहिला जात नाही. हाच तरुण महिना बारा हजारांच्या साध्या नोकरीत राहिला असता तर पाच वर्षांत त्याच्या हाती ७ लाख २० हजार आले असते. म्हणजे एकूण अकरा लाखांच्या घरातील भांडवल एका खुर्चीत गुंतवलेले असते. ते गुंतवणारे कुटुंब बहुधा कोरडवाहू शेतीवर जगणारे असते.

मग ते का गुंतवते? त्याला हिशेब कळत नाही म्हणून नव्हे. हॅरिस आणि टोडारो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. शहरात बेकारी आहे हे ठाऊक असूनही खेड्यातील माणूस शहरात येतो. कारण तो तेथील वेतनाला ते मिळण्याच्या शक्यतेने गुणतो, आणि गुणाकार गावच्या मजुरीपेक्षा मोठा आला की गाठोडे बांधतो. सरकारी नोकरीच्या बाबतीत हा गुणाकार अजून मोठा येतो, कारण त्यात वेतनाबरोबर निश्चिंती, कर्ज मिळण्याची पात्रता, लग्नाच्या बाजारातील भाव आणि तालुक्याच्या कचेरीत उभे राहण्याची हिंमत एवढे सगळे धरलेले असते. शक्यता मात्र अत्यंत क्षीण. २०२३ सालच्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले. एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. २०२४ सालच्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले.

दुसऱ्या बाजूला पर्याय काय आहे? १९७०-७१ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील वहितीचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत गेले तर कंत्राटदाराच्या हजेरीपटावर नाव लागते, कारखान्याच्या नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०२४ सालच्या भारतविषयक अहवालात असे नमूद आहे की देशातील एकूण बेकारांमध्ये माध्यमिक किंवा त्याहून अधिक शिकलेल्या तरुणांचे प्रमाण २००० साली शेकडा ५४.२ होते, ते २०२२ साली शेकडा ६५.७ झाले. शिक्षणाने माणसाला रांगेत उभे राहण्याची पात्रता दिली, रांग पुढे सरकवण्याची व्यवस्था मात्र कोणी केली नाही.

अकरा रुपयांची करमणूक

अशा दिवसात करमणूक कोठे बसते, हे आता पाहावे. पूर्वी करमणुकीला पैसे पडत. नाटकाचे तिकीट, चित्रपटाचे तिकीट, कॅसेट, मासिक, अगदी लायब्ररीची वर्गणीसुद्धा. त्यामुळे करमणूक हा घरातील खर्चाचा एक वेगळा आणि काहीसा संकोचाने मागण्याचा रकाना असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आले आणि हा रकानाच बदलून गेला. त्याआधी एका जीबीला दोनशे रुपयांहून अधिक पडत. पुढे तो दर दहा रुपयांच्या आसपास आला. महिन्याचे तीनशे रुपयांचे रिचार्ज धरले तर दिवसाला अकरा रुपये होतात. टपरीवरच्या एका चहाच्या किमतीत दिवसभराची गाणी, चित्रपट, विनोद आणि क्रिकेट. २०२३ सालचे आयपीएल सामने तर प्रेक्षकाला मोबाइलवर फुकट दाखवण्यात आले. गेल्या दहा वर्षांत तरुणाच्या जीवनातील जवळजवळ प्रत्येक वस्तू महागली. स्वस्त झाली ती एवढी एकच. ज्या वस्तूची किंमत पडते तिचा खप वाढतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही माहीत असते. तेव्हा खप वाढला म्हणून आश्चर्य करण्याचे कारण नाही, आणि ग्राहकाच्या चारित्र्यावर घसरण्याचेही नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. एवढे सगळे उपलब्ध असताना हा तरुण तीन तासांचा चांगला चित्रपट क्वचितच पाहतो. चाळीस सेकंदांच्या चित्रफिती मात्र तासन् तास पाहतो. असे का? गॅरी बेकर यांनी १९६५ साली वेळेच्या वाटणीचा जो सिद्धांत मांडला त्याप्रमाणे प्रत्येक करमणुकीला पैशाची किंमत असते तशी वेळेचीही असते. उमेदवाराच्या वेळेला बाजारात मोल नाही. पण मनात फार मोठे आहे. गावाहून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणारे पैसे त्याला प्रत्येक तासाची आठवण करून देतात. चित्रपट पाहायचा तर तसा निश्चय करावा लागतो, आणि निश्चय केला की अपराधी वाटू लागते. चाळीस सेकंदांना निश्चय लागत नाही. दोन प्रकरणांच्या मध्ये, जिन्यात, खाणावळीत वाढणाऱ्याची वाट पाहताना ती पाहून होतात, आणि तासभर गेला हे नंतर कळते. ज्याला विश्रांती घेण्याची उघड परवानगी नाही तो ती चोरून घेतो. या चोरीचे एकेक तुकडे जोडून जगातील मोठ्या कंपन्यांनी आपला व्यापार उभा केला आहे.

तो काय पाहतो, हेही थोडे निरखून पाहिले पाहिजे. विनोदी प्रसंग, क्रिकेटमधील षटकार आणि लावणीच्या कार्यक्रमांचे तुकडे तर आहेतच. पण त्यांच्या जोडीला एक खास प्रकार असतो. निकालात आलेल्या मुलाची गुलाल उधळत निघालेली मिरवणूक, त्याच्या आईच्या डोळ्यांतील पाणी, गावच्या पारावरचा सत्कार, नव्या अधिकाऱ्याचे भाषण. अशा चित्रफिती लाखोंनी पाहिल्या जातात. ही करमणूक आहे की अभ्यास, हे पाहणाऱ्यालाही सांगता येणार नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला रांगेच्या टोकाचे चित्र दाखवत राहणे, हा या काळातील सर्वात भावणारा आणि कदाचित सर्वात क्रूर मनोरंजनप्रकार आहे. क्रिकेटवरील पैजांच्या खेळांचे आकर्षणही याच जातीचे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ती योग्यच झाली. परंतु दोनशेंत एक या शक्यतेवर पाच वर्षे लावणाऱ्याला पन्नास रुपये लावण्यात फार मोठे धाडस वाटत नसणार, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

मोबाइलबाहेर काहीच उरलेले नाही, असेही नाही. गणेशोत्सवापूर्वी महिना-दोन महिने पुण्यात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, त्यात हीच मुले-मुली दिसतात. रविवारी पहाटे राजगड-तोरण्याकडे जाणाऱ्या गाड्यांत हीच असतात. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांना भरत नाट्य मंदिरात अजूनही तरुणांची गर्दी होते. मात्र या सर्व ठिकाणी अभ्यासिकेतला उमेदवार कमी आणि शहरात घर असलेला मुलगा अधिक, हा भेद नजरेत भरतो. ढोल वाजवण्यासही संध्याकाळ मोकळी असावी लागते.

रांगेतली मते

आता मतांकडे वळू. या तरुणाला सामाजिक निष्ठा नाहीत हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. १४ मार्च २०२१ रोजी ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा करोनाच्या कारणाने तीन दिवस आधी पुढे ढकलण्यात आली, तेव्हा पुण्यात अभ्यासिका ओस पडल्या आणि रस्ते भरले. राज्यात इतरत्रही निदर्शने झाली. सरकारला नवी तारीख द्यावी लागली आणि २१ मार्चला परीक्षा झाली. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत वर्णनात्मक पद्धत लगेच लागू करू नये म्हणून हीच मुले पुन्हा ठाण मांडून बसली, आणि आयोगाने ती पद्धत २०२५ पासून लागू करण्याचे मान्य केले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एकाच दिवशी दोन परीक्षा आल्या तेव्हा तेच घडले. ही आंदोलने कोणा पक्षाने उभारलेली नव्हती. पुढारी नंतर आले. ज्यांना आळशी आणि उदासीन म्हटले जाते त्यांनी साडेतीन वर्षांत तीन वेळा शासनाला निर्णय बदलावयास लावला. गेल्या काही वर्षांत कोणत्या कामगार संघटनेला हे इतक्या वेळा साधले, असा प्रश्न विचारता येईल.

पण त्यांच्या मागण्या काय होत्या, हे पाहिले म्हणजे या निष्ठांचे स्वरूप कळते. तारीख पाळा. नियम मध्येच बदलू नका. पेपर फोडू नका. निकाल वेळेवर लावा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये म्हाडाची परीक्षा पेपरफुटीच्या संशयावरून आदल्या मध्यरात्री रद्द झाली. त्या वेळी रात्रीच्या गाडीने निघालेल्या मुलांना जी चीड आली ती न्यायाच्या अगदी मूळ कल्पनेतून आलेली होती. रांगेत कोणी मध्येच घुसू नये, ही ती कल्पना. रांगेत वाढलेल्या माणसाला न्याय म्हणजे रांगेची शिस्त असे वाटू लागते. रांग इतकी लांब का, खिडकी एकच का, आणि रांगेत येण्याचीही ऐपत नसलेले कोठे गेले, हे प्रश्न त्याला सुचत नाहीत असे नव्हे. पण ते विचारायला त्याला उसंत नसते. चाकणच्या कंत्राटी कामगाराचा प्रश्न त्याला आपला वाटत नाही, कारण तसे कामगार व्हावे लागू नये यासाठीच तर त्याने खुर्ची धरलेली असते.

आरक्षणाविषयीची त्याची मतेही याच रांगेत तयार होतात. अभ्यासिकेत सर्व जातींची मुले शेजारी-शेजारी बसतात, टिपणे वाटून घेतात, एकमेकांच्या गावचे डबे खातात. महाराष्ट्राच्या खेड्यात आजही सहज न दिसणारी ही सरमिसळ आहे. परंतु गुणवत्ता यादी लागते तेव्हा नावापुढे प्रवर्गाचा रकाना असतो आणि प्रत्येक प्रवर्गाची गुणरेषा वेगळी असते. कालपर्यंत एकाच किटलीतला चहा प्यालेले दोघे त्या रकान्यात प्रथमच एकमेकांना परके म्हणून भेटतात. मग प्रत्येकजण आपापल्या समाजाच्या मोबाइल-गटात परततो. तेथे त्याला इतिहासाची, अन्यायाची आणि आकडेवारीची तयार शिदोरी मिळते. २०१६ पासूनचे मराठा समाजाचे मोर्चे, २०१८ चा कायदा, २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवणे, २०२४ चा नवा कायदा आणि त्यावर इतर मागासवर्गीयांतून उमटलेली प्रतिक्रिया, या साऱ्या घटनाक्रमात मुलांच्या मनाची जी फाळणी झाली तिचे मूळ जातिद्वेषापेक्षा त्या सव्वातीन एकरांत आणि चार हजार जागांत अधिक आहे. जागा पुरेशा असत्या तर रकान्याला इतकी धार आली नसती. अर्थात, ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या रांगच आली नाही त्यांच्यासाठी रकाना आवश्यक होता आणि आहे, हे या संतापाच्या भरात विसरले जाते, आणि ते विसरणे अक्षम्य आहे.

करमणूक आणि मते यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, याचे उत्तम उदाहरण 'सैराट'. २०१६ साली हा चित्रपट आला तेव्हा महाराष्ट्रातील तरुणांनी तो पुन्हापुन्हा पाहिला; त्याच्या गाण्यांवर वरातीत नाचले. ज्या वरातींत नाचले त्या वराती मात्र जातीतल्याच होत्या. भारतात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास असल्याचे २०११-१२ च्या मानवी विकास सर्वेक्षणात दिसले होते. त्याच २०१६ साली दिल्लीच्या लोकनीती-सीएसडीएसने देशभरातील तरुणांच्या मतांची पाहणी केली तेव्हा पत्नीने नेहमी पतीचे ऐकले पाहिजे, हे मान्य करणारे निम्म्याहून किंचित अधिक निघाले. पडद्यावरच्या प्रेमासाठी रडणारा तरुण आणि घरी वडिलांनी पाहिलेल्या स्थळाला होकार देणारा तरुण एकच असतो. त्यास दुटप्पी म्हणण्यापूर्वी पाच वर्षे त्याचा खर्च कोणी चालवला, हे विचारावे. तिशीपर्यंत बापाच्या मनीऑर्डरवर, म्हणजे आता त्याच्या खात्यावरून येणाऱ्या पैशांवर, जगणाऱ्याने बंड कोणत्या बळावर करावे?

मुलीची मुदत

या रांगेत मुलीही आहेत आणि त्यांची संख्या वाढते आहे. त्यांचा हिशेब मात्र निराळा आहे. मुलाला घरून वयोमर्यादेपर्यंत मुदत मिळते. मुलीला बहुधा दोन किंवा तीन वर्षे. 'यंदा निघाले तर ठीक, नाहीतर स्थळे पाहायला सुरुवात करू', हे वाक्य ऐकल्याशिवाय पुण्याच्या गाडीत बसलेली मुलगी विरळा. दिवाळीला गावी गेलेला मुलगा पुस्तक घेऊन माडीवर बसू शकतो, मुलीला चूल बोलावते. केंद्रीय सांख्यिकी खात्याच्या २०२४ सालच्या कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे, आणि असे पुरुष मुळातच थोडे. म्हणजे वेळेची जी फुकट लूट तरुणाच्या वाट्याला आली ती तरुणीच्या वाट्याला दुप्पट आली. तिची करमणूकही कानात खुपसलेल्या दोन बोंडांएवढी आणि दार लोटलेल्या खोलीएवढी लहान असते. मोबाइल कोणाशी बोलण्यासाठी हाती धरला आहे, याची घरात चौकशी होते.

असे असूनही, किंवा असे असल्यामुळेच, तिची मते अधिक स्वच्छ असतात. मुलाला नोकरी प्रतिष्ठेसाठी हवी असते. मुलीला ती नकार देता यावा म्हणून हवी असते. २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण पदवीनंतरच्या त्या दोन-तीन वर्षांच्या मुदतीत तिला खुर्ची कोठे मिळणार, याचे उत्तर त्यात नाही.

शासनाने लांबवलेली रांग

या सगळ्यात शासनाचा वाटा प्रेक्षकाचा नाही. २०१६ साली राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३३ वरून ३८ आणि राखीव प्रवर्गांसाठी ४३ करण्यात आली. मागणी तरुणांचीच होती आणि निर्णय लोकप्रिय झाला. जागा तेवढ्या वाढल्या नाहीत. म्हणजे शासनाने एक पैसा खर्च न करता तरुणांना आणखी पाच वर्षे दिली, आणि ती त्यांच्याच आयुष्यातून काढून दिली. २०२० च्या अखेरीस प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचे ठरले, २०२२ मध्ये ते मागे घेतले गेले. तलाठी भरतीचे शुल्क खुल्या प्रवर्गास १,००० आणि राखीव प्रवर्गास ९०० रुपये होते. दहा लाख अर्ज आणि किमान नऊशे रुपये असा गुणाकार केला तरी ९० कोटी रुपये होतात. बेकाराने नोकरी मागण्यासाठी भरलेली ही रक्कम आहे. २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले, तेही मूळ योजनेत सहा महिन्यांसाठी. सातव्या महिन्यात तो कोठे जातो हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. शास्त्री रस्त्यावर तो भेटतो.

मोबाइलपासून तरुणांना सोडवण्याविषयी व्याख्याने देण्यापेक्षा काही रूक्ष कामे करता येण्यासारखी आहेत. कोणत्या खात्यात किती जागा रिक्त आहेत आणि त्यांपैकी किती भरावयाच्या आहेत, हे दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी जाहीर करावे, आणि तो आकडा नंतर बदलू नये. शून्य जागा भरावयाच्या असतील तर शून्य असे लिहावे. खोट्या आशेपेक्षा ते शून्य अधिक दयाळू ठरेल. एकाच पात्रतेच्या परीक्षा एकत्र घेऊन शुल्क एकदाच घ्यावे. अंतिम यादीत थोडक्यात हुकलेल्यांचे गुण इतर महामंडळांना, सहकारी बँकांना आणि खासगी मालकांना वापरता येतील अशी सोय करावी, म्हणजे पाच वर्षांच्या अभ्यासाचे काही तरी मोल राहील. आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात जी हजारो अनुदानित ग्रंथालये उभी राहिली त्यांच्या कपाटांतील कादंबऱ्यांवर धूळ बसत असताना गावची मुले खुर्चीच्या भाड्यासाठी पुण्याला येतात, याचा विचार व्हावा. या मुलांना पुस्तके त्यांची स्वतःची असतात. त्यांना हवी असते एक खुर्ची, एक दिवा, एक पंखा आणि शांतता. तालुक्याच्या ग्रंथालयाने एवढे दिले तर खाटेचे भाडे वाचेल, मुलीची मुदत वर्षभराने वाढेल आणि संध्याकाळी ढोल वाजवायलाही माणसे मिळतील.

क्रेग जेफ्री या अभ्यासकाने मेरठमधील शिकलेल्या बेकार तरुणांवर २०१० साली एक पुस्तक लिहिले आणि त्यास 'टाइमपास' हे नाव दिले. मुंबईच्या लोकलमध्ये शेंगदाणे विकणारा जो शब्द ओरडत जातो तोच शब्द. फरक इतकाच की मेरठच्या मुलांना आपण वेळ घालवत आहोत हे कबूल होते. पेठेतल्या मुलाला ते कबूल नाही. तो वेळ घालवीत नाही, तो अभ्यास करीत असतो. त्याच्या घरी श्रमबल पाहणीचा कर्मचारी टॅब घेऊन येतो आणि थोरला मुलगा काय करतो असे विचारतो, तेव्हा ओसरीवर बसलेली आई सांगते, 'पुण्याला शिकतोय.' शिकत असलेला माणूस श्रमबलात धरला जात नाही. त्यामुळे तो बेकारांतही मोजला जात नाही. कर्मचारी त्याप्रमाणे नोंद करतो आणि पुढच्या घराकडे वळतो. मुलगा त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा असतो.